मेन स्विचवरचा हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. अंधेरी पूर्वेतल्या आमच्या घरात, दाराच्या मागं, चपलांच्या कपाटावर एक पांढरी पेटी आहे. तिच्यात लहान लहान स्विच रांगेनं बसवलेले. वायरमननं प्रत्येकाखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : हॉल, किचन, फ्रिज, बेडरूम. मी ‘बेडरूम’ लिहिलेला स्विच खाली ओढला. खट् असा बारीक आवाज झाला आणि मुलांच्या खोलीतला पंखा हळूहळू फिरायचा थांबला.

मुंबईच्या उपनगरात ‘मुलांची खोली’ या शब्दांवर फार विश्वास ठेवू नये. त्या खोलीत माझी कॉलेजात जाणारी मुलगी झोपते, नववीतला मुलगा झोपतो आणि ऐंशीच्या घरातली माझी अम्मी झोपते. आम्ही नवराबायको हॉलमध्ये. म्हणजे खोली मुलांची, पण पंखा तिघांचा.

मुलगा रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर असायचा. सकाळी सातची शाळा. वर्गात झोपतो म्हणून बाईंचे दोनदा फोन आले. आधी समजावून झालं, मग ओरडून झालं, मग मोबाइल काढून घेऊन झालं. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. तेव्हा ऑफिसातल्या एका स्नेह्यानं उपाय सांगितला, “भांडता कशाला? वायफायचा डबा त्याच खोलीत आहे ना? मग अकरा वाजले की सरळ त्या खोलीची लाइटच तोडा.”

मला ते पटलं. ना आवाज, ना वाद. एक स्विच ओढायचा, बस्स.

स्विच ओढून मी दारातून आत डोकावलो. वायफायच्या डब्याचा हिरवा डोळा मिटला होता. डासांच्या मशीनचा लाल दिवाही गेला होता. पण चादरीखालचा निळा उजेड तसाच होता. मोबाइलमध्ये बॅटरी होती आणि वायफाय गेल्याबरोबर तो त्याच्या त्याच्या सिमकार्डावर चालू लागला होता. ज्याच्यासाठी वीज तोडली, त्याचं काहीच बिघडलं नव्हतं.

एवढ्यात अंधारातून अम्मीचा आवाज आला, “बत्ती गई क्या रे?”

मी म्हणालो, “हो अम्मी, लाइट गेलीय.”

ती उठून खिडकीशी गेली. समोरची इमारत झगझगत होती. ती थोडा वेळ तिकडं बघत उभी राहिली, मग परत येऊन बसली आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घेऊ लागली. काही बोलली नाही. पाच-सात मिनिटांनी मीच स्विच वर केला.

सकाळी चहाच्या वेळी तिनं विचारलं, “तू मालक कधीपासून झालास?”

तिनं हे हसून विचारलं. पण मालक हा आमच्या घरातला साधा शब्द नाही. तो समजायला थोडं मागं जावं लागेल.

माझा जन्म १९६९ सालचा, घाटकोपरच्या चिरागनगरातला. अण्णाभाऊ साठे ज्या वस्तीत राहिले, ती ही वस्ती. वस्तीच्या नावातच चिराग, पण आमच्या दिव्याची कळ दुसऱ्याच्या घरात होती. मीटर खोलीमालकाच्या नावावर. तो भाडेकरूंना ‘पॉइंट’ द्यायचा. एका खोलीला एक पॉइंट, म्हणजे एक बल्ब. त्याचे पैसे भाड्याबरोबर. पंख्याचा पॉइंट वेगळा, म्हणून आमच्याकडं पंखा नव्हता. रात्री दहा वाजले की मालक स्वतः उठून लाकडी फळीवरच्या लोखंडी मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा. सगळी ओळ एकदम काळी व्हायची. बायका म्हणायच्या, “मालकानं रात्र केली.”

१९८५ साली मी दहावीला होतो. अब्बा विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. जानेवारीत एकदा ते मालकाकडं गेले. पोराची परीक्षा होईपर्यंत बारा वाजेतोवर दिवा राहू द्या, वरचे पैसे देतो, असं म्हणाले. मालक म्हणाला, “एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागेल.” अब्बा परत आले, टोपी खुंटीला लावली आणि कंदिलाची काच पुसायला बसले. त्यानंतर मार्चपर्यंत रोज ती काच त्यांनीच पुसली. रेशनचं रॉकेल पुरेना तेव्हा अम्मीनं शेजारणीकडून बाटली आणली. मी पास झालो, पुढं रात्रीच्या कॉलेजात बी.ए. केलं, कविता लिहू लागलो. पण दहा वाजताचा तो ‘खट्’ माझ्या कानातून गेला नाही. आणि अम्मीनं तो परवा आमच्याच घरात ऐकला.

तेव्हापासून मी एका गोष्टीचा विचार करतोय. रात्री दिवा कुणी बंद करायचा, हा प्रश्न मोबाइलच्या फार आधीचा आहे. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या या शहरातच घडलेला आहे.

मुंबईत १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी स्थापन झाली. तिलाच आपण आज बेस्ट म्हणतो. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या प्रकल्पातून घाटातल्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईत आली आणि गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. उपनगरांसाठी ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी १९२९ साली निघाली. हीच बी.एस.ई.एस. पुढं ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ पासून अंधेरी-बोरिवलीच्या बिलावर अदानी हे नाव आलं. मुलुंड-भांडुप मात्र वीज मंडळाकडे राहिलं. २००५ साली मंडळाचं विभाजन झाल्यावर तिथं महावितरण आली.

कंपन्यांच्या या इतिहासात घरातल्या स्विचचा इतिहास सापडत नाही. वीज रस्त्यापर्यंत आली, पण घरात ती कुणाच्या हातात आली? ज्याच्याकडं कागद, त्याच्या नावावर मीटर. ज्याच्या नावावर मीटर, त्याच्या हातात रात्र. चाळींत आणि झोपडवस्त्यांत पोटभाडेकरूनं वीज ‘घेतलेली’ असायची. वाचायचं असेल तर रस्त्यावरच्या खांबाखाली जावं लागायचं. मुंबईत खांबाखाली अभ्यास केलेल्यांची एक पिढीच आहे; त्यातले कित्येक आज आजोबा झालेत.

मोठ्या माणसांनाही ही अडचण चुकली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीचं वर्णन येतं. माणसं जास्त, जागा कमी. मुलानं लवकर झोपायचं आणि रात्री दोनच्या सुमारास रामजीबाबांनी त्याला उठवायचं. मग मिणमिणत्या दिव्याशी अभ्यास. मुलाच्या रात्रीचं वेळापत्रक वडीलच ठरवत होते. पण त्यासाठी आधी ते स्वतःची झोप मोडत होते. मी मात्र स्विच ओढल्यावर हॉलमध्ये येऊन माझ्या मोबाइलवर एका कविसंमेलनाचा व्हिडिओ बघत बसणार होतो. हॉलचा स्विच वेगळा आहे ना!

अम्मीनं त्या सकाळी आणखी एक आठवण सांगितली. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. मी दोन वर्षांचा. मुंबईत ब्लॅकआउट होता. भोंगा झाला की दिवे बंद. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, कंदिलावर काळा कपडा. एखाद्या फटीतून उजेड दिसला तर गल्लीतली पोरं ओरडायची, “लाइट बंद करा!” मी विचारलं, “तेव्हा राग नाही यायचा?” ती म्हणाली, “कुणाचा? मालकाचीपण बत्ती बंद असायची.”

या एका वाक्यापाशी मी थांबलो. अंधार तोच, भोंग्याचा धाक त्याहून मोठा, पण तेव्हा तो शिक्षेसारखा वाटला नाही. अंधार सगळ्यांना सारखा वाटला गेला होता.

आता तुमच्याआमच्या करमणुकीकडे वळू. आकाशवाणीवर बोलतोय म्हणून नव्हे, पण रेडिओ हा फार सभ्य पाहुणा होता. रात्री ठरावीक वेळेला तो आपण होऊन सभा संपवायचा. उद्या सकाळी भेटू असं सांगायचा आणि मागं नुसती खरखर उरायची. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेही असंच. आमच्या ओळीत टीव्ही एकाच घरी होता. अर्धी वस्ती त्यांच्या उंबऱ्यावर. कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि आम्ही आपापल्या पायांवरच्या मुंग्या झटकत घरी जायचो. कधी थांबायचं हे त्या यंत्राला कळत होतं. म्हणून आईबापांना ते शिकवावं लागलं नाही.

१९९१-९२ च्या सुमारास केबल आली, गच्चीगच्चीवरून वायरी लोंबू लागल्या आणि ‘कार्यक्रम संपले’ हे वाक्यच संपलं. तरीही टीव्ही एक होता आणि तो हॉलमध्ये होता. वडिलांनी बटण दाबलं की सगळ्यांचाच बंद व्हायचा. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्याचा त्याचा टीव्ही ज्याच्या त्याच्या उशाखाली गेला. मार्च २०२० मध्ये करोनानं शाळा बंद केल्या. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तेवढ्यापुरता टीव्ही पुन्हा हॉलमध्ये आला. बाकी सगळी शाळा मोबाइलवर. माझ्या मुलाला त्याचा पहिला मोबाइल मी त्याच वर्षी घेऊन दिला, हप्त्यानं. वर्गात हजेरी लागावी म्हणून सकाळी आठ वाजता तो मोबाइल त्याच्या हातात मीच द्यायचो. हे मुलांना दोष देताना आपण विसरतो.

मधल्या काळात एक गंमत झाली होती. दोन हजार पाचच्या पुढं महाराष्ट्रभर भारनियमन होतं. मुंबई शहर आणि बरीचशी उपनगरं त्यातून सुटली, पण मुलुंड-भांडुप महावितरणकडं असल्यानं तिथं वीज जायची. माझी बहीण मुलुंडला राहते. तिची तक्रार असायची की आम्ही मुंबईतच ना, मग आम्हालाच का? पण तीच सांगायची, लाइट गेली की अख्खी बिल्डिंग खाली यायची. म्हातारी माणसं बाकावर, पोरं लपाछपीला, बायका पायरीवर कोथिंबीर निवडायला. वीज आली की एकच ‘हेऽऽ’ असा गलका, आणि दोन मिनिटांत खालचा चौक रिकामा. मी भारनियमनाचं कौतुक करत नाही. त्यात गिरण्या-पिठाच्या चक्क्या बंद पडल्या, दवाखान्यांचे हाल झाले, शेतकऱ्यांनी रात्रीअपरात्री विंचवाकाट्यात पाणी पाजलं. पण मुलुंडच्या त्या तासाभराच्या अंधारात कुणी एकटं नव्हतं, हे बहिणीचं निरीक्षण मी टिपून ठेवलंय.

मुलांची रात्र सरकारनं ताब्यात घ्यावी, असाही विचार जगात झाला. दक्षिण कोरियानं २०११ साली कायदा केला : सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. लोक त्याला सिंड्रेलाचा कायदा म्हणायचे. मुलं आईबापांच्या ओळखक्रमांकावर खेळू लागली; शिवाय कायदा कॉम्प्युटरच्या खेळांसाठी होता, आणि खेळ तोवर मोबाइलवर गेले. २०२२ च्या सुरुवातीला तो कायदा रद्द झाला. चीननं २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ऑनलाइन खेळायला ठेवला. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी आली.

आपल्याकडं वेगळ्या बाजूनं हात घातला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की हल्ली मुलं मध्यरात्रीनंतरही जागी असतात, तेव्हा शाळांच्या वेळा बदलाव्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा आदेश निघाला : पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. नववीतला माझा मुलगा त्यात बसत नाही. पण या आदेशात एक कबुली आहे. मुलं उशिरा झोपतात, कारण घर उशिरा झोपतं. बोरिवलीची गाडी पकडून बाप साडेनऊला घरी येतो, दहाला जेवणं, साडेदहाला भांडी. बापाशी बोलायची वेळच अकराला सुरू होते. तेव्हा मूल जागं राहिलं, तर ते सगळं मोबाइलचंच पाप नसतं.

वयाचाही एक भाग आहे. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली सांगितलं. त्याच वयात शरीराचं घड्याळ थोडं मागं सरकतं. मेंदूत झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं द्रव्य असतं, ते या मुलांत मोठ्यांपेक्षा उशिरा पाझरू लागतं. त्यात डोळ्यांसमोर लखलखता पडदा धरला की ते आणखी उशिरा. म्हणजे मुलगा अकराला झोपत नाही याचा अर्थ तो फक्त हट्टी आहे, असा नाही. पण सातची शाळा असेल तर त्याचं गणित जुळत नाही, हेही खरं. झोप मोडली की वर्गातलं डोक्यात शिरत नाही. माझ्या मुलाला गणितात नेहमी ऐंशीच्या वर मार्क असायचे, ते त्या सहामाहीत एकावन्नवर आले. काळजी खोटी नव्हती. उपाय चुकला होता.

आता सांगलीकडं जाऊ. आमचं मूळ गाव कडेगाव. मोहरमात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, तेच कडेगाव. तिथं हिंदू घरांचेही ताबूत असतात, आणि तो उंच डोलारा तोलायला साऱ्या गावाचे खांदे लागतात. माझी खाला तिथं राहते. २०२३ च्या मोहरमाला मी गेलो होतो, तेव्हा तिनं तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगितली. मी तेव्हा हसण्यावारी नेली होती. स्विच ओढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी खालाला फोन केला आणि म्हणालो, “खाला, ते भोंग्याचं गाव कुठलं?”

गाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, या गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्यानं त्यानं हवं ते करावं. करोनानंतर शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, हे शिक्षकांनी सांगितल्यावरून हा विषय निघाला होता. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. म्हणून आधी बायकांची सभा घेतली. बायकांनी मालिकांचा दीड तास सोडायचं कबूल केलं, आणि मग गोष्ट पुढं सरकली. आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानंही ग्रामसभेत ठराव केला, पण वेगळा : अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलच नको. दोन्ही गावांना काळजी एकच. फरक असा की बान्सीचा ठराव मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा आजोबांनाही लागू होता.

वडगावात कुणी डीपीवरचा फ्यूज काढला नाही, हे लक्षात घ्या. वीज होतीच. दिवे चालू, पंखे चालू. गावानं फक्त एक वेळ ठरवली आणि ती सगळ्यांनी मिळून पाळायची म्हटली. आपल्याकडं ही रीत नवी नाही. दिवेलागण झाली की हिंदू घरात देवापाशी दिवा लागायचा, मुलं हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसायची. आमच्याकडं इशाची नमाज झाली की अंथरुणं पडायची. झोपताना दिवे मालवा, अशी हदीसच आहे. अम्मी ती लहानपणी कंदिलाची वात खाली करताना सांगायची. गिरणगावात भोंग्यावर घड्याळं लावली जायची. वेळ सांगणारा एक आवाज होता, आणि तो घरातल्या थोरल्यालाही ऐकावा लागत होता.

खालाचं ऐकून मी घरी सगळ्यांना बसवलं. आधी अम्मीला खरं सांगितलं, की त्या रात्री लाइट गेली नव्हती, मी घालवली होती. ती म्हणाली, “मला काय कळलं नाही होय?” मुलगा मात्र माझ्याकडं बघत राहिला. मी अम्मीशी खोटं बोललो हे त्याला त्याच रात्री कळलं होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग वाटाघाटी झाल्या. मी म्हणालो, दहा वाजता मोबाइल बंद. मुलगी म्हणाली, तिचं कॉलेजचं काम साडेदहापर्यंत चालतं. बायको म्हणाली, कुणाचे मोबाइल? मी म्हणालो, मुलांचे. ती नुसती हसली. मुलानं तीन अटी घातल्या : शनिवारी सूट, त्याचा मोबाइल उघडून कुणी बघायचा नाही, आणि “अब्बा, तुमचापण डब्यात.” अम्मीकडं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, सुईदोऱ्याचा. तो तिनं रिकामा करून फ्रिजवर ठेवला. साडेदहाला सगळे मोबाइल त्यात. राखण तिची. सकाळी उठायला गजराचं घड्याळ लागेल म्हणून मुलगा आणि मी अंधेरी स्टेशनबाहेर जाऊन दीडशे रुपयांचं घड्याळ आणलं. त्याची टिकटिक पहिले दोन दिवस कुणाला झोपू देईना.

करार पहिल्यांदा मोडला तो चौथ्या रात्री, आणि मोडणारा मी होतो. एका मासिकाच्या संपादकांचा निरोप येणार होता, अशी सबब होती. अकरा वाजता मी अंधारात डब्याचं झाकण उघडलं. पत्र्याचं झाकण कितीही जपून उघडलं तरी वाजतंच. खोलीतून मुलाचा आवाज आला, “अब्बा, मॅच कितीला आली?” मी झाकण लावलं.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. परीक्षेच्या दिवसांत वेळ पुढं सरकते. दोनदा डब्यात मोबाइलऐवजी नुसतं कव्हर सापडलं. एकदा शनिवारची सूट रविवारीही पुरली. पण शाळेच्या बाईंचा फोन पुन्हा आला नाही, आणि साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात घरात बोलणं होतं. मुलानं मला एकदा विचारलं, “मालकानं खरंच नाही म्हटलं दादाजींना?” अब्बांची कंदिलाची काच पुसण्याची गोष्ट मी त्याला पहिल्यांदा तेव्हा सांगितली. पंधरा वर्षं तो या घरात राहतोय. त्याला ती ठाऊक नव्हती, कारण सांगायला वेळच झाली नव्हती.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी दाराच्या मागं अशीच एक पेटी असेल, आणि एखाद्या रात्री हात तिच्याकडं गेला असेल. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. फक्त एवढं सांगेन की त्या स्विचनं पंखा थांबतो, डासांचं मशीन थांबतं, आजीची झोप मोडते. मोबाइल तेवढा चालू राहतो. आणि तुमचा स्वतःचा मोबाइल हातात असेल तर मूल ते अंधारातही बघतं.

मराठीत दिव्यासाठी ‘मालवणं’ असा वेगळा शब्द आहे. पंखा आपण बंद करतो, दार बंद करतो, दिवा मालवतो. त्या शब्दात दिवसाला निरोप आहे. आमची अम्मी घरात दखनी बोलते, पण पन्नास-साठ वर्षं शेजारणींत काढल्यामुळं काही शब्द तिच्या तोंडी मराठीच बसलेत. साडेदहा झाले की ती डबा घेऊन हॉलमध्ये येते आणि म्हणते, “चला, मालवा आता.” पहिला मोबाइल माझा घेते.